आईच्या शेवटच्या दिवसांतल्या माणसांना

आई गेली त्याला आज महिना झाला. इस्पितळाने ‘आता घरी न्या’ म्हटलं. घरी नेऊन करायचं काय, ते तुम्ही सांगितलंत.

नर्सताई, धायरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर तुम्ही लिफ्ट बंद असतानाही आलात. मॉर्फिनचं मला भय. व्यसन लागेल म्हणून दुखणं असह्य होईपर्यंत गोळी देत नव्हतो. तुम्ही वहीत चार-चार तासांचे रकाने आखून दिलेत, सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच, हेही बजावलंत. (२०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फिन मिळणं थोडं सोपं झालं, हेही तुमच्याकडूनच कळलं.) तिसऱ्या रात्री आई सलग झोपली. मी मात्र जागाच, तिचा श्वास ऐकत.

ओल्या कापसाने ओठ कसे टिपायचे, चादर धरून कूस कशी बदलायची, सगळं हाताला धरून शिकवलंत. पाठीला एकही जखम झाली नाही.

रात्री दोनला फोन उचलणारे काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पैशांचं काढलं तर म्हणालात, “चहा पाजा.” तोही आईनेच पडल्या पडल्या फर्मावला, आलं घालून.

हवेची गादी धुऊन, वाळवून ठेवलीय. पुढच्या पेशंटसाठी कधीही घेऊन जा.