झोपवून ठेवलंय, पण किती तास?

संपादक महोदय,

‘पेशंटला झोपवून ठेवलंय’ एवढं ऐकलं की अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना जरा हायसं वाटतं. याच विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काढल्यामुळे मला मात्र हे उत्तर अर्धवट वाटतं. कोणत्या औषधाने आणि किती तास, ते राहूनच जातं.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पुष्कळदा प्रोपोफॉल दिलं जातं. दुधासारखं पांढरं औषध, ते शिरेत सोडणारा पंप थांबवला की रुग्ण लवकर जागा होतो, म्हणून सगळ्यांच्या आवडीचं. पण मोठा डोस दिवसचे दिवस चालला तर क्वचित पेशींची ऊर्जा तयार करण्याची यंत्रणाच कोलमडते. रक्तातलं आम्ल वाढतं, स्नायू विरघळू लागतात, पोटॅशियम चढतं, मूत्रपिंडं आणि हृदय हात टेकतात. 1992 मध्ये अशा पाच बालकांच्या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा वैद्यकविश्व खडबडून जागं झालं. ताशी किलोमागे 4 मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोस आणि 48 तासांपेक्षा जास्त काळ, ही धोक्याची खूण तेव्हापासूनच्या अनुभवातून ठरली. त्याआधी काही होतच नाही, असं मात्र नाही.

(या औषधाने लघवी कधी हिरवी होते. नातेवाईक तिला घाबरतात, पण ती निरुपद्रवी. घाबरायचं ते काळ्या चहासारख्या लघवीला, ती स्नायू विरघळत असल्याची खूण.)

शिवाय हे औषध तेलात कालवलेलं असतं. 60 किलोच्या रुग्णाला ताशी 24 मिलिलीटर चाललं, तर दिवसाला 600 हून जास्त कॅलरी नुसत्या त्यातूनच जातात. नळीतून द्यायच्या आहाराच्या हिशेबात त्या धरायला हव्यात, रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइडही तपासायला हवं.

झोपवण्याचं दुसरं औषध मिडाझोलाम, त्याची तऱ्हा वेगळी. ते अंगात साठत जातं, मूत्रपिंडं अधू असतील तर फारच. पंप बंद करून दिवस उलटला तरी रुग्ण डोळे उघडत नाही आणि घरचे ‘मेंदू गेला का?’ म्हणून रडकुंडीला येतात.

ही औषधं नकोत असं मी म्हणत नाही. त्यांच्याशिवाय व्हेंटिलेटर सोसवत नाही. अडचण नोंदीची आहे. तक्त्यावर ‘ताशी इतके मिलिलीटर’ लिहिलेलं असतं. ड्युटी बदलते, नवी सिस्टर आपल्या पाळीचे तास बघते, नवा डॉक्टर आपल्या राउंडचे. तिसऱ्या रात्री एकूण 60 तास झालेत, हे कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतं. त्याच ओळीत किलोमागचा डोस आणि सुरू झाल्यापासूनचे एकूण तास लिहायला दोन रकाने लागतील. ते आखावेत आणि बाहेर बसलेल्यांनी विचारलं तर त्यातला आकडा त्यांनाही सांगावा.

– एक निवृत्त परिचारिका