अँटिव्हायरस होता, पण मुलीनेच तो बंद केला होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या संगणकासाठी अँटिव्हायरस कोणता घ्यावा, यावर आपल्या पुरवणीत दहा नावांची यादी आली होती. कुणाला पाच चांदण्या, कुणाला साडेचार. गेल्या वर्षी अशाच एका यादीतलं पहिलं नाव मी डोळे मिटून उचललं होतं. पुढे काय झालं ते सांगते.

माझी मुलगी सहावीत आहे. माझा जुना लॅपटॉप तिला दिला, त्यात पैसे भरून अँटिव्हायरस टाकला आणि निर्धास्त झाले. दोनेक महिन्यांनी तिच्या गेमच्या खात्यात भलतंच कुणी शिरलं आणि तिच्या नावाने मैत्रिणींना लिंका पाठवू लागलं. मी मनातल्या मनात अँटिव्हायरसवाल्यांना लाखोली वाहिली. मग पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारच्या चिन्हाकडे लक्ष गेलं. त्यावर लाल फुली होती.

"आई, ते मीच बंद केलंय. व्हिडिओत तसं सांगितलं होतं."

तो व्हिडिओ तिने मला लावून दाखवला. गेममध्ये फुकट नाणी मिळवून देणारी फाइल. फाइल झिपमध्ये, झिपला पासवर्ड १२३४. बोलणारा मुलगा अगदी गोड आवाजात सांगत होता, "तुमचा अँटिव्हायरस हिला उगाच व्हायरस म्हणेल, म्हणून आधी तो बंद करा." झिपला पासवर्ड का, हे मला नंतर कळलं: कुलूप असलं की अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही. आमच्या लेकीने पुढच्या रीस्टार्टपर्यंत बंद ठेवण्याचा पर्याय निवडला होता. आता आमच्याकडे लॅपटॉप कधी रीस्टार्ट होतच नाही, नुसतं झाकण मिटतं. म्हणजे पहारेकरी किती दिवस झोपला होता, देव जाणे.

त्या फाइलने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर उचललेच, शिवाय आपण लॉग-इन आहोत ही खूणही उचलली. त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करावं लागतं, आणि तेही दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. मी ते फोनवरून केलं. लॅपटॉपवरचं विंडोज पुसून नव्याने टाकलं.

माझी चूक अँटिव्हायरस निवडण्यात झालीच नव्हती. मुलीचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे संगणकात काहीही बदलू शकणारं होतं, तिथे झाली. लॅपटॉप पूर्वी माझा होता, खातंही माझंच, त्याचं नुसतं नाव बदलून मी तिच्या हाती दिलं होतं. घराच्या सगळ्या किल्ल्या अकरा वर्षांच्या पोरीकडे देऊन दाराला महागडं कुलूप लावण्याचा प्रकार. आता तिचं खातं साधं, म्हणजे स्टँडर्ड आहे. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. अँटिव्हायरस बंद करायचा झाला तरी तोच पासवर्ड लागतो.

आणि अँटिव्हायरस कोणता? विंडोज १० आणि ११ मध्ये मुळातच असलेला डिफेंडर. दुसरा टाकला की तो आपण होऊन बाजूला होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. घरच्या साध्या वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. फुकटच हवा म्हणून भलताच कुठला उतरवण्यात तर काही अर्थच नाही. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अव्हास्ट कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. माग काढणाऱ्यांपासून वाचवतो म्हणणाराच माग विकत होता.

डिफेंडर चालू आहे की नाही, हे आम्ही दोघींनी मिळून तपासलं. आयकार नावाची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल असते, अवघ्या ६८ अक्षरांची एक ओळ. अँटिव्हायरसने तिला व्हायरस समजून पकडायचं, असा सगळ्या कंपन्यांचा संकेत आहे. मुलीने ती ओळ नोटपॅडमध्ये उतरवली, सेव्ह केली आणि बघता बघता फाइल गायब! तिला इतकी गंमत वाटली की तिने तीनदा करून पाहिलं.

मुलांच्या वाट्याला बहुधा घरातला जुना संगणक येतो, त्याबद्दल यादीत अवाक्षर नव्हतं. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा विंडोजमधलं ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच येऊन पडला होता, ज्यांनी तो टाकला नव्हता ते अडकले. अपडेट मिळत नसलेल्या यंत्रावर पाच चांदण्यांचा अँटिव्हायरस टाकला तरी भोक ते भोकच.

हल्ली काही इन्स्टॉल करायचं झालं की मुलगी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात येते. या महिन्यात पाच वेळा आली. चार वेळा मी पासवर्ड टाकला, एकदा नाही टाकला. त्या रात्री जेवताना ती माझ्याशी बोलली नाही.

आपल्याला एकच विनंती. साधं खातं कसं करायचं, हे चित्रांसह एकदा छापा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे इतर युजर्स, मग खात्याचा प्रकार बदलणे, एवढंच ते आहे. पण आधी स्वतःसाठी ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं खातं उघडावं लागतं, हे न कळल्यामुळे माझा अख्खा तास गेला.

कळावे,
सहावीतल्या एका मुलीची आई