खुले पत्र: रानाचे नियम सगळ्या वाड्यांचे, दावे मात्र वेगळे

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

अकोले, जुन्नर, इगतपुरी, शहापूर या पट्ट्यातल्या बऱ्याच महसुली गावांत महादेव कोळ्यांची वाडी, ठाकरवाडी, कातकरवाडी आणि कुणब्यांची घरे एकाच रानाभोवती आहेत. बोली, देवक, लग्नाची रीत निराळी, पण रानाशी वागण्याचे नियम पुष्कळसे सारखे. आश्विन वद्य द्वादशीची वाघबारस, म्हणजे वाघोबा या वाघदेवाची पूजा, महादेव कोळी करतात, ठाकर आणि वारलीही करतात. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, हे कोणत्याही वाडीत सांगावे लागत नाही. पहिल्या पावसानंतरची रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय वारली खात नाहीत. तिकडे गडचिरोलीत माडियांचा मरका पंडुम हा आंब्याचा सण होईपर्यंत नवा आंबा तोंडी लागत नाही. भाजीला वाढायला आणि फळाला पिकायला वेळ मिळावा, ही सोय या बंदीतच आहे.

विकासाच्या भाषणांत अशा चालीरीती नृत्यपथकापुरत्या उरतात. आमचे मागणे वेगळे आहे: रानावरचे पिढीजात हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायदा, 2006 च्या अंमलबजावणीत त्यांचा कागदोपत्री उपयोग करा.

सामूहिक वनसंपत्तीच्या, म्हणजे गावाने मिळून वापरलेल्या आणि राखलेल्या रानाच्या, दाव्यासाठी या कायद्याच्या नियम 13 मध्ये पवित्र झाडे, देवराया, स्मशानभूमी, चराईची राने, पाणवठे हे सगळे पुरावे म्हणून धरले आहेत. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. तरी दाव्यांच्या फायलींत जुन्या सरकारी कागदाचाच आग्रह दिसतो. वाघोबाचे ठाणे बहुधा शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी असते, म्हणजे सीमेची खूण आयती मिळते. ती नकाशावर येत नाही, कारण मोजणीच्या वेळी ज्या वाडीचा दावा असतो तिचीच माणसे सोबत असतात.

मग दोन वाड्यांचे दावे एकमेकांवर चढतात, हरकत येते आणि दोन्ही फायली दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीत पडून राहतात. नियम 12(3) याच प्रसंगासाठी आहे: एकच रान अनेक ग्रामसभा वापरत असतील, तर त्यांच्या वनहक्क समित्यांनी (दाव्यांची पडताळणी करणाऱ्या, ग्रामसभेने निवडलेल्या) एकत्र बसून आपले म्हणणे लेखी द्यायचे. हरकतीनंतर होणारी ही बैठक मोजणीच्या आधी होऊ द्या. भात झोडून झाल्यावर आणि मोह गळायच्या आधी, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, प्रत्येक वाडीतली दोन जाणती माणसे, त्यांत एक बाई, घेऊन शिवफेरी करावी. हातातले जीपीएस दाट झाडीत आणि घळीत चुकते, म्हणून प्रत्येक बिंदूसमोर त्या जागेचे स्थानिक नाव लिहावे. सामाईक वापराचा भाग कापून वाटू नये, सामाईक म्हणूनच नोंदवावा. हक्कपत्र ग्रामसभेच्या नावे निघावे. ते वनखात्याच्या योजनेतल्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या नावे निघाले की हक्क पुन्हा खात्याच्या दारात जातो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण सगळे देतात. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हक्क, 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकण्याची मोकळीक, हे मोठेच काम. पण ते गोंडांचे गाव. चार समाजांच्या गावात तोच साचा जसाच्या तसा बसत नाही.

कारण सारख्या चालीरीती म्हणजे सारखी ताकद नव्हे. वनहक्क समितीत 10 ते 15 सदस्य, त्यांत किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातींचे असावे लागतात. ही अट फक्त महादेव कोळी घेऊनही पुरी होते. कातकरी विशेष असुरक्षित आदिम जमातीत मोडतात, बरेचसे भूमिहीन, आणि त्यांचा रानाचा वापरही वेगळा: खेकडे, मासे, मध, कंद. समितीत त्यांचे कोणी नसेल तर हा वापर दाव्यात येतच नाही. प्रत्येक वाडीला किमान एक जागा द्या.

हक्क मिळाल्यावर व्यवस्थापन आराखडा करायचा असतो. इथे जुने नियम कामाचे आहेत, पण पुरेसे नाहीत. फुले दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला पेटवतात आणि रोपे जळतात. त्याऐवजी जाळी अंथरण्याचा खर्च आराखड्यात धरावा. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचे न पिकलेले फळ, कोवळाच तोडतात, म्हणून बियाण्याची झाडे खूण करून राखावी लागतील. ओला भरलेला हिरडा बुरसतो आणि व्यापारी भाव पाडतो. वाड्यांना मिळून एक वाळवणीचा ओटा आणि एक वजनकाटा पुरतो. असा ओटा वाडीगणिक बांधायची गरज नाही.

यासाठी नवा कायदा नको, जिल्हाधिकाऱ्यांना एक परिपत्रक पुरे. ते डिसेंबरच्या आत निघावे. मोह गळू लागला की माणसे पहाटेच रानात जातात, आणि दाव्याच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी नियमानेच लागते.

आपले,
सामूहिक वनहक्कांच्या कामातले कार्यकर्ते