मैदान झालं, आता छप्पर हवंय

प्रिय सुमे,

तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत. फोनवर तू मधेच बोलतेस, म्हणून पत्र.

अण्णांची थोरली नात यंदा ऊसतोडीला निघाली गं. बापाने टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेत. पोर खो-खोत खुंटावर सूर मारते तेव्हा तुझी आठवण येते; तू खुंट सोडून पंचांच्या पायावर पडायचीस, ही बरोबर खुंटावर जाते! जिल्ह्याला आपला संघ निघाला तो तिच्या जिवावर. आता विभागाला खेळायचं, तर ही कोल्हापूरकडे कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असणार.

मी घरी जाऊन आले. बाप वाईट नाही. म्हणाला, "बाई, पोर वयात आली, म्हातारीला दिसत नाही, कुणापाशी ठेवू?" मला उत्तर देता आलं नाही. निघताना तिची माय दारात हळूच म्हणाली, मागणी आलीय. लग्न झालं की नवराबायकोची जोडी तोडीत एक कोयता धरली जाते, तिला उचल मिळते. पंधरा वर्षांची आहे ती. कायदा अठराचा. मला रात्री झोप नाही.

लोकवर्गणीतून आपण मैदान केलं. जेसीबीवाल्याने नुसत्या डिझेलवर काम केलं, मंडळाच्या पोरांनी मुरूम पसरला, बूट तुमच्या पुण्याच्या भिशीने पाठवले. तू तेव्हा क्रिकेटची खेळपट्टी करा म्हणून भांडलीस, चार महिने अबोला धरलास. मी आजही तेच म्हणेन: दोन खुंट रोवले की सगळ्या वर्गाच्या पोरी खेळतात, बॅट कुणाची यावरून भांडण नाही. धाराशिवची सारिका काळे याच खेळावर २०२० ला अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्या केज तालुक्यातली. नेपाळला ७८-४० हरवलं त्या रात्री शाळेच्या टीव्हीपुढे पोरी किती नाचल्या!

पण दसरा झाला की मैदान निम्मं ओस. आष्टीच्या अविनाश साबळेचे मायबाप वीटभट्टीवर राबले. तो सैन्यात गेला, तिथं राहायची-खायची सोय झाली, मग धावणं फुललं आणि २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आलं. आपल्या पोरींना तेवढंच पाहिजे: पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, सुरक्षित छप्पर आणि रात्रीची भाकरी. गावातल्या हंगामी वसतिगृहात नुसतं जेवण मिळतं, झोपायला पोरी नातेवाइकांकडेच. जिला नातेवाईकच नाही तिचं काय?

तुझ्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्या दे. भावकी कुरकुरेल, मला माहीत आहे. तुझ्या थोरल्या दिरांशी मी बोलते, त्यांना माझ्या हातची शेंगदाण्याची पोळी आवडते. कमलकाकू सोबतीला झोपायला तयार आहेत. ज्वारी तीन घरांनी कबूल केलीय. कडी नवी बसवावी लागेल, मोरीला दार नाही, ते आधी करू. बाप म्हणाला, "तुमच्या वाड्यात असेल तर ठेवतो." गाड्या येत्या आठवड्यात निघतात.

सासूबाईंच्या गुडघ्याचं कसं? चिंटूला बारावीला ताण देऊ नकोस. नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला का?

खोल्यांचं कळव, किल्ली कुणाच्या हाती देतेस तेही.

तुझी,
शकू