डावखुऱ्या धारेबद्दल, बोहरी आळीतल्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी तुमच्याकडून चाकूला धार लावून घेतली, पण तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र. कुणीतरी ते तुमच्यापर्यंत पोचवेलच.

मी खिशात रोज चाकू बाळगतो. पेरू कापायला, पार्सल फोडायला, पेन्सिलीला टोक करायला. लोकांना मात्र लगेच सिनेमातला रामपुरी आठवतो. घरी जमवलेले बरेच आहेत. फ्रान्समधल्या साव्हॉयचा लाकडी मुठीचा ओपिनेल आहे, ज्याला पातं अडकवणारी कडी १९५५ पासून येते. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी आहे, त्याला अडकणच नाही, पात्याच्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा. पण खिशात असतो तो आजोबांचाच. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा, शिंगाची मूठ, पात्याच्या बुडाशी कंपनीची खूण, तारा आणि क्रूस. देवरुखजवळच्या आमच्या वाडीत ह्याच पात्यानं त्यांनी हापूसची कोयकलमं बांधली. तांबूस पानांचं कोवळं रोप आणि त्यात बसवायची काडीची पाचर. ती एका ओढीत तासली गेली पाहिजे. पातं अडखळलं की सालीखालचे थर जुळत नाहीत आणि कलम जातं.

तुमच्याआधी दोन ठिकाणी गेलो होतो. पहिल्यानं काही न विचारता पातं विजेच्या चाकावर धरलं. ठिणग्या उडाल्या, टोक निळं पडलं, पोलादाचं पाणी उतरलं. मी ओरडलो तर म्हणाला, "नवा घ्या की, शंभर रुपयांत मिळतो." दुसऱ्यानं हातातही घेतला नाही. खिशात चाकू कशाला लागतो, एवढंच विचारलं, तेही चारचौघांत. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही चाकू उघडलात, फडक्यानं पुसलात आणि उजेडात तिरका धरून कितीतरी वेळ नुसतं पाहत राहिलात. मग विचारलंत, "हे ज्यांचं आहे ते डावखुरे होते का?"

काका, आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. जेवायला उजवा हात, कलमाला डावा, हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊकसुद्धा नाही. तुम्ही ते पात्यावर वाचलंत. एक अंग सपाट, दुसरंच घासलेलं, आणि तेही उलट्या बाजूनं. मला उत्तर देताना आवाज फुटेना. तुम्ही मान खाली घालून कुरुंदाच्या दगडावर पाणी शिंपडत राहिलात, माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्याबद्दलही आभार.

"तुम्ही उजव्या हाताचे, तुम्हाला अवघड जाईल. बदलून देऊ?" नको म्हटल्यावर तुम्ही तीच धार तशीच राखलीत. निळं टोक पुन्हापुन्हा पाण्यात बुडवत हातानं घासून काढलंत, ढिली झालेली खीळ दोन हलक्या ठोक्यांत बसवलीत. पात्यावरचा काळपट डाग मात्र घालवला नाहीत. "तो त्यांचा आहे," म्हणालात.

दुसऱ्याची वस्तू हातात घेतल्यावर आधी तिच्याकडे नीट पाहणारी माणसं आहेत म्हणून जुन्या वस्तू जगतात. तुम्ही पैसे सांगितलेत ते मला फार कमी वाटले, पण जास्त द्यायचा धीर झाला नाही.

पेरू कापताना पातं अजून एका बाजूला ओढतं. हात हळूहळू शिकतोय. मे महिन्यात वाडीतून पेटी आली की घेऊन येतो. आंबा तुम्ही कापा, ह्याच चाकूनं.

तुमचा,
शिंगाच्या मुठीवाला