पंधरा टक्के कशाचे?

महोदय,

कालच्या पुरवणीतला वादळ आणि छपरांवरचा लेख वाचला. चित्र सुरेख होतं. कौलांतून धुराची चिमणी वर आलेली दाखवली आहे. असं घर कोकणात कुठे पाहिलं, ते चित्रकारालाच ठाऊक.

‘पंचनामा होईपर्यंत छपराला हात लावू नये’ या वाक्यापाशी मात्र माझा चहा तसाच राहिला.

३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या दक्षिण रायगडावरून गेलं. त्या दुपारी घरात मी आणि हे, दोघंच होतो. मुलगा डोंबिवलीत, लॉकडाऊनमध्ये अडकलेला. आधी पडवीची कौलं गेली, मग आढ्यावरचे कोने, मग माजघरावरची ओळच्या ओळ उठली. कौल उडताना आवाज होत नाही, खाली येतं तेव्हा होतो. वारा पडल्यावर माजघरात उभं राहून वर पाहिलं, तर वासे, रिपा आणि मधून आभाळ.

मृग चार दिवसांवर आलेला. भाताची कणगी, गाद्या, देव, सगळं उघड्यावर. आणि हात लावू नये म्हणे! ताडपत्री बाजारात नव्हती, जिथे होती तिथे भाव तिप्पट. शेवटी ह्यांनी वयाच्या ७१व्या वर्षी शिडी लावली. शेजारच्या दोन मुलांनी कौलं हातोहात वर दिली. आमची कौलं जुनी, शिक्क्याची मंगळुरी. नवीन कौल त्यांच्या खाचेत नीट बसत नाही, फट राहते आणि तिथूनच गळतं. म्हणून गोठ्यावरची धड कौलं काढून घरावर घातली आणि गाय पडवीत आणून बांधली.

‘नुकसानीचे फोटो काढून ठेवावेत’ हेही लेखात आहे. कशाने काढायचे? मोबाइल दुसऱ्याच दिवशी बंद पडला आणि आमच्याकडे वीज आली सव्वीस दिवसांनी.

पंचनाम्याला माणसं बाराव्या दिवशी आली. अंगणातूनच वर पाहिलं.

“आजी, छप्पर तर धड दिसतंय.”

म्हटलं, आम्ही बसवलंय. मागे फणसाखाली फुटक्या कौलांचा ढीग होता, तो नेऊन दाखवला.

“ही याच घराची कशावरून?”

मग गोठा दाखवला. गोठा वेगळा, घर वेगळं, असं कळलं. कागदावर लिहिलं, नुकसान दहा टक्के. पंधराच्या खाली काही मिळत नाही. अंशतः पडझडीची मदत सरकारने तेव्हा वाढवून १५,००० रुपये केली होती, ती आम्हाला पेपरातच वाचायला मिळाली. शेजारचं मुंबईकरांचं बंद घर कोणी शाकारलंच नव्हतं. त्याचं नुकसान कसं लख्ख दिसलं! त्यांना मिळालं त्याचं वाईट वाटत नाही, पण आम्ही काय घर भिजत ठेवून साहेबांची वाट बघायची होती?

त्या माणसांवर राग नाही. तीही पावसात भिजत दारोदार फिरत होती, चहालासुद्धा थांबली नाहीत. (कार्यालयाचं नाव लिहीत नाही. वारसनोंदीसाठी मला तिथेच जायचं आहे.)

लेखकमहाशयांनी आता अशा अंशतः पडझडीच्या मदतीचे पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये असे आकडे दिले आहेत. नुकसान किमान १५ टक्के हवं, हेही दिलं आहे. पण पंधरा टक्के कशाचे? छपराचे की सगळ्या घराचे? आमच्या भिंती जांभ्याच्या, त्यांना काय होणार? निम्मं छप्पर गेलं तरी घर उभंच दिसतं. एवढं एकच सांगितलं असतंत, तर पुरवणीचं सार्थक झालं असतं.

शिवाय कौलं काढून पत्रे घालण्याचा सल्ला आहेच. कौल गेलं तर एक जातं. पत्रा अख्खा जातो आणि दुसऱ्याच्या घरात जातो. समोरच्यांचा एक पत्रा आमच्या फणसात अडकला होता, आठवडाभर रात्री वाजत असायचा. तरी गावात आता निम्म्या घरांवर पत्रेच दिसतात, आणि त्याचं कारण वादळ नाही.

कळावे,
एक जुनी वाचक, दक्षिण रायगड

ता. क. : ते कारण आत्ताच येऊन गेलं. हे पत्र लिहिता लिहिता वानरांची टोळी पडवीवरून नाचत गेली आणि आठ कौलं फुटली. त्यांचा पंचनामा कोणाकडे मागायचा, तेवढं पुढच्या पुरवणीत छापा. तोवर आम्ही छपराला हात लावत नाही.