हीट पंपाला गाडीची दरयोजना कशाला?

मा. संपादक,
स. न.

टीओडी मीटरवरून (दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणाऱ्या मीटरवरून) महाराष्ट्रात चाललेला वाद आपल्या अंकांतून इंग्लंडमध्ये बसून वाचतो आहे. वेळेप्रमाणे बदलणारा वीजदर इथे जुनाच. पण घर तापवणारा गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी आणि घर तापवणारे विजेचे यंत्र) बसवणारी इथली मराठी घरे दरपत्रकातला सर्वांत लहान आकडा बघून योजना घेतात आणि मग बिलावर चिडतात.

साधा हिशेब आहे. 2025 च्या अखेरच्या तिमाहीत ऑफजेम या नियामकाच्या कमाल दराने वीज साधारण 26 पेन्स युनिट होती, गॅस 6.3. बॉयलरमध्ये दहा टक्के वाया जातात असे धरले, तर गॅसची उष्णता युनिटला 7 पेन्सला पडते. पंप एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता देतो. म्हणजे विजेची सरासरी 21 पेन्सच्या खाली आली, तरच तो गॅसपेक्षा स्वस्त. (गॅसजोडणीच तोडली तर रोजचा तीस-पस्तीस पेन्सचा स्थिर आकारही वाचतो.)

विजेवरच्या गाडीच्या एका योजनेत रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच वीज फार स्वस्त असते. गाडी तेवढ्या वेळात चार्ज होते. पंप मात्र 35-40 अंशांचे कोमट पाणी दिवसभर संथपणे फिरवतो, त्यामुळे जानेवारीत त्याची बरीचशी वीज महाग तासांतच जाते. रात्री सात तास स्वस्त वीज देणारी जुनी ‘इकॉनॉमी 7’ योजनाही त्याच्या कामाची नाही, ती रात्री विटा तापवून ठेवणाऱ्या हीटरांसाठी होती.

‘ऑक्टोपस’ या वीजकंपनीची ‘कोझी’ योजना पंपासाठीच बेतलेली आहे. पहाटे 4 ते 7, दुपारी 1 ते 4 आणि रात्री 10 ते 12 दर जवळपास निम्मा. दुपारी 4 ते 7 मात्र साधारण दीडपट. त्या तीन तासांत पंप मंद ठेवला तरी चांगले इन्सुलेशन असलेले घर फारसे थंड होत नाही. जुन्या विटांच्या घरात हे जमत नाही. तिथे मुकाट्याने एकाच दराची योजना घ्यावी. दर अर्ध्या तासाला भाव बदलणारी ‘अजाईल’ माझ्या मते हौशी मंडळींसाठी ठीक.

आता आपल्याकडचे. केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणे सौर तासांतला (दिवसा उन्हाच्या वेळचा) दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी हवा आणि गर्दीच्या वेळचा घरगुती दर किमान 10 टक्के जास्त. आपण अंघोळीचे पाणी तापवतो भल्या सकाळी! 200 लिटर पाणी 15 वरून 50 अंशांवर न्यायला गिझरला 8 युनिट लागतात, पंपाला तीनेक. दुपारी हवा उबदार असल्याने त्याहून कमी. वीज स्वस्त तेव्हाच पंपाचे काम सोपे, असा योग इंग्लंडच्या हिवाळ्यात क्वचितच येतो. दुपारी तापलेले पाणी चांगल्या इन्सुलेशनच्या टाकीत दुसऱ्या सकाळपर्यंत टिकते.

फक्त ती टाकी ठेवायला जागा हवी. पुण्या-नाशिकच्या नव्या इमारतींच्या नकाशांत ती कुणी दाखवते का? बाथरूममध्ये 15 लिटरचा गिझर टांगून दुपारच्या स्वस्त विजेचे करायचे काय?

– एक वाचक, रेडिंग (इंग्लंड)